डेनहॅमचा कॅमेरा आणि भुकेल्याची सही

‘किंग काँग’ हा १९३३ सालचा अमेरिकी चित्रपट जगभर महाकाय वानराचा चित्रपट म्हणून पाहिला गेला. आमच्या मते त्यातला खरा राक्षस वानर नव्हे, तर कार्ल डेनहॅम हा चित्रपट-निर्माता आहे. धाडसी, कोणालाही न घाबरणारा म्हणून प्रेक्षक त्याच्यावर खूश असतात. पण त्याच्या धाडसाची किंमत कोण मोजतो?

दिवस महामंदीचे. न्यूयॉर्कमध्ये ॲन डॅरो ही बेकार, उपाशी तरुणी सफरचंदाला हात लावताना पकडली जाते. डेनहॅम दुकानदाराला पैसे देतो, तिला जेवू घालतो आणि नायिकेचे काम देऊन जहाजावर चढवतो. पुढे काय वाढून ठेवले आहे, ते सांगत नाही. तिने होकार दिला, हे खरे. पण तो होकार ॲनचा की तिच्या रिकाम्या पोटाचा?

विश्वरत्न बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये नेमके याच दुखण्यावर बोट ठेवले. बेकाराला नोकरी आणि हक्क यांतून एकच निवडायला लावले, तर तो हक्क सोडील. म्हणून आर्थिक संरक्षण संविधानातच हवे, असा त्यांचा आग्रह होता. भुकेल्याची सही म्हणजे स्वातंत्र्य नव्हे!

डेनहॅम काँगला साखळदंडात बांधून तिकीट लावतो. माणसे मरतात, काँगही मरतो आणि डेनहॅम दोष देतो सौंदर्याला, स्वतःला नाही. त्याच वर्षीच्या ‘सन ऑफ काँग’मध्ये खटले मागे लागताच हा शूरवीर जहाजाने पोबारा करतो!

हे सारे सातासमुद्रापलीकडचे नाही. वसईच्या किल्ल्यात चित्रपटांचे शूटिंग होते. २०१६ साली आलेल्या ‘कोल्डप्ले’च्या गाण्यातही तो दिसला. नायगाव-वसई पट्ट्यात मालिकांचे सेट उभे राहतात. गर्दीत उभे राहायला, सामान उचलायला माणसे लागतात आणि आपल्या वस्त्या-पाड्यांतली गरजू पोरे जातात. त्यांनी जरूर जावे. पण कामाचे तास, मजुरी, धोका आणि अपघात झाल्यास भरपाई हे सारे त्यांच्या भाषेत, लेखी ठरल्याशिवाय कोणीही सही करू नये. तशी प्रत मागणे हा उद्धटपणा नाही, हक्क आहे.

याच भूमीत, सोपाऱ्यात, १८८२ साली सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. हा लेख सांगतो की, पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना जात. अशोकाने मात्र अभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीला जाऊन धम्मयात्रा सुरू केल्या. त्यांत दान होते आणि जनपदातील सामान्य माणसांची भेट होती. शिकार सोडून माणसाला भेटणे, हा सोपाऱ्याचा वारसा आहे. कॅमेरा घेऊन वस्तीत येणाऱ्याने शिकारी म्हणून यायचे की माणूस म्हणून, हे आता वस्तीनेच त्याला विचारले पाहिजे.