कॅन्सरची पेशी धरणारे प्लास्टिक

‘रक्तातून कॅन्सर कळतो म्हणे, तेवढं लिहून द्या,’ अशी मागणी धर्माबादच्या ओपीडीतही आता होऊ लागली आहे. काही जण तर हैदराबादेत पैसे भरून रिपोर्ट घेऊनच येतात. ही चाचणी नेमके काय सांगते, हे म्हणूनच समजून घ्यायला हवे.

गाठीतून सुटलेल्या पेशी रक्तात फिरतात, पण फारच थोड्या. एक मिलिलिटर रक्तात तांबड्या पेशीच सुमारे ५०० कोटी. त्यांत कॅन्सरची एखादी. तिला पकडायला चुंबकीय कणांवर अँटिबॉडी चढवतात. अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळालेली ‘सेलसर्च’ आणि पुण्यात डॉ. जयंत खांदारे यांच्या चमूने विकसित केलेली ‘ऑन्कोडिस्कव्हर’, दोन्ही चाचण्या ‘एपकॅम’ या प्रथिनाला धरतात. अडचण अशी की पसरण्याच्या तयारीतली पेशी पुष्कळदा हे प्रथिनच टाकून देते आणि हातातून निसटते. शिवाय अँटिबॉडी महाग, आणि तिला फ्रिज लागतो.

म्हणून संशोधक कृत्रिम पॉलिमरकडे वळले. एमआयटीत २००४ मध्येच एका काचपट्टीवर ५७६ पॉलिमर मिश्रणांचे ठिपके लावून, मूलपेशी कोणत्या ठिपक्यावर कशा वाढतात ते पाहिले गेले. पद्धत सोपी आहे: पेशी सोडायच्या, धुवायचे, चिकटून काय राहिले ते मोजायचे. खरी गोम पुढे आहे. रक्त लागताच प्लास्टिकवर आधी रक्तातल्या प्रथिनांचा थर बसतो आणि पेशी त्या थराला भेटते. त्यामुळे प्रयोगशाळेतल्या द्रवात पहिला आलेला पॉलिमर रक्तात नापास होऊ शकतो. माझ्या मते, नवे संशोधन वाचताना पहिला प्रश्न हाच विचारावा: अख्ख्या रक्तात करून पाहिले का?

आणि पेशी सापडली तरी पुढे काय? पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये ७.५ मिलिलिटर रक्तात पाच किंवा जास्त पेशी म्हणजे धोका अधिक, हे खरे. पण तेवढ्यावरून केमोथेरपी लवकर बदलून रुग्ण जास्त जगले नाहीत, असे अमेरिकेतल्या २०१४ च्या चाचणीत दिसले. धडधाकट माणसाच्या तपासणीसाठी तर ‘सेलसर्च’ मुळात नाहीच.

आपल्याकडचा गुटखा-खर्रा खाणारा रुग्ण तोंड उघडेनासे झाल्यावर येतो. गालातला पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम टॉर्चच्या उजेडात दिसते. तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते.