बाप्तिस्मा, गुलामी आणि कोडोलीचे दलित ख्रिस्ती

एका महार कुटुंबाच्या दोन शाखा. पणजोबा एकच, गावकुसाबाहेरची जागा एकच, वाट्याला आलेली येसकरपाळी एकच. एका शाखेने मिशनच्या काळात बाप्तिस्मा घेतला. दुसऱ्या शाखेने १९५६ नंतर बाबासाहेबांच्या मागे जाऊन बुद्धाला शरण जाणं पत्करलं. आज दुसऱ्या शाखेतल्या पोराला अनुसूचित जातीचा दाखला मिळतो. पहिल्या शाखेतल्या पोराला कागदावर ख्रिस्ती ठरवून इतर मागासवर्गात ढकललं जातं. त्याला जातीवरून शिवी घातली तर अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा त्याच्यासाठी नाही. राखीव मतदारसंघातून तो विधानसभेला उभा राहू शकत नाही. आमच्या कोडोलीसारख्या, मिशनचं जुनं ठाणं असलेल्या गावाला हा प्रश्न पुस्तकात वाचावा लागत नाही.

हे का झालं, कुणी केलं आणि आपण आंबेडकरी म्हणवणारे त्यावर गप्प का, हे तीन प्रश्न आम्ही इथे मांडणार आहोत.

रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली अहमदनगरहून कोल्हापुरात आले. १८७० साली हे मिशन अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेलं. रत्नागिरी, पन्हाळा, सांगली, मिरज, वेंगुर्ला अशी ठाणी उभी राहिली. त्यातलंच एक कोडोली. चर्च आलं, शाळा आली, औषधपाणी आलं. ज्यांच्या सावलीचा विटाळ होत होता त्यांची नाडी कुणीतरी हातात धरून पाहिली, त्यांच्या पोरांच्या हातात पाटी दिली. हे उपकार नाकारण्याचा कृतघ्नपणा आम्ही करणार नाही.

पण हा इतिहास नेहमी साहेबांच्या नावाने सांगितला जातो. अमक्या साहेबाने चर्च बांधलं, तमक्या मडमेने दवाखाना काढला. जातीवर पाणी सोडून, भाऊबंदांचा रोष पत्करून, गावाचा बहिष्कार सोसून जी माणसं तिकडे गेली, त्यांची नावं कुठे आहेत? त्यांना कुणी आमिष दाखवून नेलं नव्हतं. त्यांनी माणूसपणाचा शोध घेतला. येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्याच्या कितीतरी आधी या माणसांनी आपल्यापुरता तो निर्णय घेतला होता.

आता अमेरिकेकडे वळू. कारण वाइल्डर कोल्हापुरात आले तेव्हा त्यांच्या मायदेशात गुलामगिरी कायदेशीर होती. ती १८६५ साली संपली. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना. त्या देशातल्या काळ्या माणसाचं चर्चशी काय नातं होतं, ते आपण समजून घेतलंच पाहिजे.

व्हर्जिनिया ही इंग्रजांची वसाहत. तिथे इंग्लंडचं बिशपांचं चर्च हेच सरकारी चर्च होतं. स्वातंत्र्यानंतर त्याचंच एपिस्कोपल चर्च झालं. तिथल्या मळेवाल्यांना एक भीती सतावत होती. ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती माणसाला गुलाम कसं ठेवायचं? गुलामाने बाप्तिस्मा घेतला आणि स्वातंत्र्य मागितलं तर? १६६७ साली व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने कायदा करून ही भीती संपवली. बाप्तिस्म्याने गुलामाच्या स्थितीत काडीचा फरक पडणार नाही, असं त्यात ठरलं. आत्मा मुक्त झाला तरी शरीर मालकाचंच.

त्या चर्चची एक मिशनरी संस्था होती, एस.पी.जी. नावाची. १७१० साली तिला बार्बाडोस बेटावरचा कॉड्रिंग्टन मळा मृत्युपत्राने मिळाला, गुलामांसकट. त्या गुलामांच्या छातीवर तापल्या लोखंडाने 'सोसायटी' हा शब्द डागला जात असे. सोसायटी म्हणजे हीच धर्मप्रसारक संस्था. त्याबद्दल इंग्लंडच्या चर्चने माफी मागितली ती २००६ साली. याच एस.पी.जी.ने एकोणिसाव्या शतकात कोल्हापूर आणि अहमदनगरातही मिशन चालवलं. आपल्या मातीचा आणि त्या मळ्याचा संबंध इतका जवळचा आहे.

पण काळी माणसं गप्प बसली नाहीत. अ‍ॅब्सलम जोन्स जन्माने गुलाम. त्यांनी आधी पैसे भरून बायकोला सोडवलं, मग १७८४ साली स्वतः मोकळे झाले. फिलाडेल्फियातल्या एका गोऱ्या मेथडिस्ट चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना त्यांना गुडघ्यांवरून ओढून उठवलं गेलं. ते आणि त्यांचे सोबती बाहेर पडले ते पुन्हा तिथे गेले नाहीत. १७९४ मध्ये त्यांनी स्वतःचं सेंट थॉमस आफ्रिकन एपिस्कोपल चर्च उभं केलं. पुढे जोन्स एपिस्कोपल चर्चचे पहिले काळे पाळक झाले.

एपिस्कोपल चर्चने त्यांना घेतलं, पण अट घालून. तुमचं चर्च आमचं, तुमची उपासना आमची, मात्र आमच्या सभेत तुमचा प्रतिनिधी बसणार नाही. ही अट जवळजवळ सत्तर वर्षं टिकली. देव वाटून घेता येतो, सत्ता वाटून घेता येत नाही. आपल्या वाचकांना हे नवं वाटणार नाही.

आता भारतात परत येऊ. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशातला तिसरा परिच्छेद वाचा. हिंदू नसलेली व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही, असं त्यात लिहिलं. १९५६ मध्ये त्यात शीख आले. बौद्ध यायला १९९० उजाडलं. ख्रिस्ती आणि मुस्लिम आजही बाहेर आहेत.

व्हर्जिनियाने म्हटलं, बाप्तिस्म्याने काहीच बदलत नाही. दिल्लीने म्हटलं, बाप्तिस्म्याने सगळंच बदलतं. दोन्ही वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध आहेत, पण दोन्हींचा फायदा एकाच वर्गाला झाला. तिकडे मालकाचा गुलाम वाचला. इकडे गावाला महार-मांग तसाच राहिला आणि सरकारची जबाबदारी संपली.

यावर तीन आक्षेप हमखास येतात.

पहिला आक्षेप, ख्रिस्ती धर्मात जात नाही. धर्मग्रंथात नसेल, गावात आहे. बाबासाहेबांनीच ख्रिस्ती समाजावर लिहिताना मराठा ख्रिस्ती, महार ख्रिस्ती, मांग ख्रिस्ती अशी फोड करून दाखवली आहे. शिवाय कायद्याचं ढोंग बघा. तोच ख्रिस्ती माणूस उद्या परत हिंदू झाला आणि जातीने त्याला स्वीकारलं, तर त्याला अनुसूचित जातीचा दाखला मिळू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितलं. म्हणजे जात मेली नव्हती, नुसती झाकली होती! मग झाकलेल्या जातीचे चटके ज्याला बसतात त्याला संरक्षण का नाही? ही घरवापसीला सरकारी बक्षिसी नाही तर काय आहे?

दुसरा आक्षेप, पुरावा कुठे आहे. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ साली हा तिसरा परिच्छेदच काढून टाकण्याची शिफारस केली. सरकारने ती बासनात बांधली. २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला, त्याला मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली. पुराव्याची भूक ज्याला नसते तो आयोग मागवत राहतो.

तिसरा आक्षेप आमच्याच वस्तीतून येतो आणि तोच आम्हाला जास्त बोचतो. वाटेकरी वाढतील. बंधूंनो, १९५६ ते १९९० ही चौतीस वर्षं केंद्राच्या लेखी बौद्ध माणूसही असाच दाराबाहेर उभा होता. धर्म बदलला, आता सवलत कसली, असंच आपल्यालाही ऐकवलं गेलं. दार उघडल्यावर आत शिरून मागच्याच्या तोंडावर ते लावून घेणं ही बाबासाहेबांची शिकवण नव्हे. वाटेकरी वाढत असतील तर लोकसंख्येप्रमाणे टक्का वाढवून मागा. भावाचं ताट ओढू नका. याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी पन्नास टक्के जागा राखीव केल्या. पुढारलेले कोण तेवढं सांगितलं आणि बाकी सर्वांना मागास धरलं. ख्रिस्ती झालेल्या महाराला बाहेर काढणारं कलम त्यात नव्हतं.

आणि आता दोन शब्द ख्रिस्ती बांधवांना. ख्रिस्ती समाज सामाजिक आणि राजकीय लढ्यापासून अलिप्त राहतो, ही बाबासाहेबांची तक्रार होती. ती अजून फिटलेली नाही. जोन्स यांनी चर्च बांधलं आणि तिथेच थांबले नाहीत. पळून आलेल्या गुलामांना पकडण्याच्या कायद्याविरुद्ध १७९९ साली त्यांनी अमेरिकेच्या काँग्रेसकडे अर्ज केला. तो झिडकारला गेला, पण अर्ज झाला. कोडोलीच्या चर्चमधून असा अर्ज का निघू नये? मंडळीच्या कारभारात, संस्थांच्या विश्वस्तांत, पाळकांच्या नेमणुकीत गरीब दलित ख्रिस्ती किती, हेही त्यांनी उघडपणे विचारावं. नाव लपवून, जात लपवून सन्मान मिळत नाही.

आमची मागणी स्पष्ट आहे. १९५० च्या आदेशातला तिसरा परिच्छेद रद्द करा, अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून मोकळा करा आणि आरक्षणाची टक्केवारी त्या प्रमाणात वाढवा. या मागणीसाठी ग्रामसभेपासून ठराव व्हावेत. त्यावर पहिली सही बौद्ध वस्तीची असावी, दुसरी मातंग वस्तीची, तिसरी ख्रिस्ती वस्तीची. महार-मांगाला एकाच शिवीने हाक मारणाऱ्या गावाला आपण तिघं एकच आहोत हे केव्हाच ठाऊक आहे. आता ते आपल्याला कळू द्या.

जय भीम! जय शाहू!