युद्धाला युद्ध म्हणण्याचे धैर्य

२३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेची तातडीची बैठक सुरू होती. त्या महिन्यात परिषदेचे अध्यक्षपद रशियाकडेच होते. युक्रेनवर हल्ला करू नये, अशी विनवणी सभागृहात होत असतानाच मॉस्कोत राष्ट्राध्यक्ष व्लादिमीर पुतिन यांनी ‘विशेष लष्करी कारवाई’ची घोषणा केली. आक्रमणाचा आरंभच असा एका फसव्या नावाने झाला.

२५ फेब्रुवारीला आक्रमणाच्या निषेधाचा ठराव सुरक्षा परिषदेत आला. अकरा सदस्यांनी तो उचलून धरला. परंतु रशियाने नकाराधिकार वापरून तो हाणून पाडला. मग हा प्रश्न आमसभेपुढे गेला. २ मार्च रोजी १४१ राष्ट्रांनी आक्रमणाचा तीव्र निषेध केला. विरोधात केवळ ५ मते पडली. आपल्या भारतासह ३५ राष्ट्रे तटस्थ राहिली.

इकडे जग निषेध नोंदवीत होते, तिकडे रशियात शब्दांवर पहारा बसला. प्रसारमाध्यमांनी ‘युद्ध’ वा ‘आक्रमण’ हे शब्द वापरू नयेत, असे फर्मान निघाले. ४ मार्च रोजी सैन्याविषयी ‘खोटी माहिती’ पसरविणाऱ्यांना १५ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद करणारा कायदा झाला. यानंतर दोनच दिवसांनी, रविवारच्या मध्यान्ह प्रार्थनेनंतर, पोप फ्रान्सिस यांनी स्पष्ट सांगितले, की ही केवळ लष्करी कारवाई नसून युद्धच आहे. पोपमहोदयांनी त्या वेळी रशियाचे नाव घेतले नाही, म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली. तथापि ज्या शब्दावर बंदी होती, नेमका तोच शब्द त्यांनी उच्चारला, हे विसरता कामा नये.

खोट्या प्रचाराची खरी किंमत बुचा या गावाने मोजली. मार्चअखेरीस रशियन सैन्य तेथून माघारी गेले, तेव्हा रस्त्यांवर नागरिकांचे मृतदेह पडलेले आढळले. हा सारा बनाव असून तो आपले सैन्य गेल्यानंतर रचण्यात आला, असे रशियाने सांगितले. परंतु रशियन सैन्य तेथे असतानाच टिपलेल्या उपग्रह छायाचित्रांत ते मृतदेह दिसत होते. मारल्या गेलेल्यांचे मरणही असे नाकारणे म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा मारणेच होय. एरवी तटस्थ राहिलेल्या भारतानेही या हत्यांचा ५ एप्रिल रोजी सुरक्षा परिषदेत निःसंदिग्ध निषेध केला आणि स्वतंत्र चौकशीच्या मागणीला पाठिंबा दिला.

निषेधाने तोफा थांबल्या का? नाही. आमसभेचे ठराव बंधनकारक नसतात. शिवाय निषेधाचा स्वर काळानुसार क्षीण होतो. २४ फेब्रुवारी २०२५ रोजी आमसभेत युक्रेनने मांडलेल्या ठरावाला ९३ मते मिळाली आणि अमेरिकेने चक्क विरोधात मत दिले. त्याच दिवशी सुरक्षा परिषदेने संमत केलेल्या ठरावात शांततेचे आवाहन होते. आक्रमण कोणी केले, याचा उल्लेख नव्हता.

असत्याचा आधार घेणे ही एकाच देशाची मक्तेदारी नाही. २००३ साली इराककडे सर्वसंहारक शस्त्रे असल्याचे याच सुरक्षा परिषदेत अमेरिकेने ठामपणे सांगितले. युद्ध झाले, शस्त्रसाठे सापडलेच नाहीत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याही युद्धाला विरोध केला होता. म्हणूनच आक्रमक आपल्या गोटातला आहे की परक्या, यावरून आपला न्याय बदलू नये.

मग निषेधाचे मोल काय? आमच्या मते निषेध ही साक्ष आहे. घर कोणी जाळले आणि कोणाचे जळले, हे ती नोंदवून ठेवते. ही नोंद पुसली गेली, तर उद्याच्या तहात पीडित आणि आक्रमक एकाच पारड्यात तोलले जातील. शांती हवीच, परंतु सत्याला वगळून केलेली शांती टिकत नाही.

खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा आपण बालपणापासून जाणतो. भ्रमणध्वनीवर आलेला युद्धाविषयीचा संदेश शहानिशा न करता पुढे पाठविणे, हेही त्या आज्ञेच्या कक्षेत येते. युद्धग्रस्तांसाठी प्रार्थना करताना आपण युद्धाला युद्धच म्हणू या.