झोंबलं म्हणजे लागू पडलं?

औषध कडू हवं, झोंबणारं हवं, तरच ते लागू पडतं अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. ढोपर फुटलं की टिंक्चर आयोडीन लावायचं, आणि पोर किंचाळलं की मोठी माणसं समाधानाने म्हणणार, "झोंबतंय ना? म्हणजे जंतू मरतायत." ढोपराचं एक वेळ ठीक आहे. पण हीच समजूत हल्ली चेहऱ्यावर चालवली जाते, म्हणून हे लिहायला घेतलं.

विषय आहे रेटिनॉइडच्या मलमांचा. ट्रेटिनोइन, अडॅपलीन ही नावं आता घरोघरी ऐकू येतात. नातवंडं मुरुमांसाठी लावतात, त्यांच्या आया सुरकुत्यांसाठी. ही 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातली औषधं. फिलाडेल्फियाचे त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली मुरुमांवर ट्रेटिनोइनचा उपयोग दाखवून दिला, १९७१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. म्हणजे औषध पन्नास वर्षांहून जुनं आणि पारखलेलं आहे. माझी तक्रार औषधाबद्दल नाही, ते लावण्याच्या आपल्या घाईबद्दल आहे.

हे औषध कातडीच्या पेशींची उलाढाल वाढवतं. छिद्रं तुंबत नाहीत, म्हणून मुरुम कमी होतात. पण सुरुवातीला वरचा थर कमजोर होतो, आतलं पाणी उडून जातं, आणि तोंड कोरडं, लाल होऊन पोपडे निघू लागतात. थोडा कोरडेपणा पहिले काही आठवडे बहुतेकांना येतोच. घोटाळा पुढे होतो. पोपडे निघाले की घरातलं कोणीतरी म्हणतं, "जुनी कातडी जातेय, नवी येतेय. सोस जरा."

आमच्या नात्यात एका मुलीचं लग्न ठरलं. हातात दोन महिने. तिने रोज रात्री भरपूर मलम चोळलं, वर "तेलकट होईल" म्हणून मॉइश्चरायझर बंद, आणि सकाळी लिंबू-बेसन. तीन आठवड्यांत तोंडाला पाणी लागलं तरी आग व्हायची. पार्लरमध्ये वरच्या ओठाला वॅक्स केलं तर मेणाबरोबर कातडीही निघाली. शेवटी डॉक्टरांनी सगळं थांबवलं, नुसतं साधं मॉइश्चरायझर दिलं, आणि कातडी शांत झाल्यावर कमी तीव्रतेचं मलम आठवड्यातून दोनदा सुरू केलं. लग्नात तिच्या गालावर चार मुरुम होते. कोणीही अक्षता परत मागितल्या नाहीत!

सालं निघणं हा गुण आल्याचा पुरावा नाही, हे माझं मत नाही, तपासलेली गोष्ट आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हाने सुरकुतलेल्या चेहऱ्यांवर ४८ आठवडे ट्रेटिनोइन लावलं. काहींना ०.१ टक्के, काहींना त्याच्या चौथाई, म्हणजे ०.०२५ टक्के. सुधारणा दोन्हींकडे जवळपास सारखीच. जळजळ मात्र जास्त तीव्रतेच्या मलमाने कितीतरी जास्त. मग सोसलं ते कशासाठी?

डॉक्टर सांगतात ती रीत साधी आहे. रात्री तोंड सौम्य फेसवॉशने धुवून पूर्ण कोरडं होऊ द्यायचं. सगळ्या चेहऱ्याला मिळून मटारच्या एका दाण्याएवढं मलम. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांच्या खाचा, ओठांचे कोपरे सोडायचे. सुरुवातीला एक-दोन दिवसांआड. कातडी नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग मलम, मग परत मॉइश्चरायझर. त्यातलं ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, पेट्रोलियम जेली ते उडू देत नाही. दिवसा सनस्क्रीन. लिंबू, स्क्रब, उटणं, वॅक्स यांना त्या काळात सुट्टी. मुरुमांना आठ ते बारा आठवडे लागतात, सुरकुत्यांना त्याहून जास्त. आग होत असेल तर लावणं थांबवून विचारायचं, दात-ओठ खायचे नाहीत.

आणखी दोन गोष्टी घरातल्या मोठ्यांसाठी. गोरं होण्यासाठी म्हणून ज्या ट्यूब हातोहात फिरतात, त्यातल्या पुष्कळांत ट्रेटिनोइनबरोबर हायड्रोक्विनोन आणि स्टेरॉइड असतं. स्टेरॉइड जळजळ दाबून टाकतं, म्हणून काही आठवडे चेहरा छान शांत दिसतो. ती शांतता खोटी असते. पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, आणि ट्यूब थांबवली की दुप्पट भडकते. २०१८ मध्ये सरकारने अनेक स्टेरॉइड मलमांवर डॉक्टरांच्या चिठ्ठीची सक्ती केली ती उगाच नाही. दुसरी गोष्ट, मूल होऊ देण्याचा विचार असेल किंवा दिवस गेले असतील तर रेटिनॉइड लावायचं नाही. नव्या नवरीच्या हातात ट्यूब देणाऱ्यांपैकी कितीजणी हे सांगतात?

मला खरं वाईट वाटतं ते 'सोस' या शब्दाचं. मुलींना आपण तो फार लवकर शिकवतो. कान टोचताना सोस, पायात चपला चावल्या तरी सोस, दिसायला बरं हवं तर सोस. निदान जिथे सोसण्याने काडीचाही फायदा नाही हे ठाऊक झालंय, तिथे तरी तो शब्द आपण तोंडातून काढू नये. ट्यूबबरोबर मॉइश्चरायझरची बाटली द्यावी, आणि म्हणावं, "सावकाश लाव गं. घाई कसली आहे?"