डार्ट्सची मॅच किती वेळ चालते?

मेसमध्ये टीव्हीवर डार्ट्स लागलं की कुणीतरी विचारतंच, "सर, हे संपणार कधी?" पाठोपाठ शेराही ठरलेला: "हा कसला खेळ, हा तर पबमधला टाइमपास!" दोन्हींना माझं उत्तर एकच आहे.

आधी हिशेब. 501 वरून उतरत शून्यावर यायचं, आणि शेवटचा बाण डबलमध्येच लागला पाहिजे. व्यावसायिक खेळाडू एक लेग साधारण दोन-तीन मिनिटांत संपवतात. प्रीमियर लीगच्या साखळी सामन्यात आधी 6 लेग घेणारा जिंकतो, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांचं काम. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये होणाऱ्या जागतिक स्पर्धेची फायनल मात्र आधी 7 सेट जिंकणाऱ्याची. ती दीड-दोन तास सहज घेते.

पण हे झाले अंदाज. सामना अमुक मिनिटांनी संपेल, असं नियमात कुठेच नाही. कबड्डीत आघाडीवरचा संघ शेवटच्या मिनिटांत रिकाम्या चढाया करून वेळ काढू शकतो. डार्ट्समध्ये ती सोय नाही. पुढे असाल तरी शेवटचा डबल तुम्हालाच मारावा लागतो. आपल्याकडच्या निकाली कुस्तीसारखं आहे हे: पाठ टेकल्याशिवाय निकाल नाही.

2024 ची फायनल आठवा. सोळा वर्षांचा ल्यूक लिटलर 4-2 ने पुढे होता. सातवा सेटही घ्यायला त्याला डबल 2 वर एक बाण मिळाला. तो हुकला. ल्यूक हम्फ्रीजने तो सेट घेतला, त्यापुढचे चारही घेतले आणि 7-4 ने जिंकला. त्या बाणाआधी वेळ संपल्याची घंटा झाली असती तर करंडक लिटलरचा होता.

आता आपल्या घरात डोकावू. आपल्या कितीतरी एक्सरसाइजच्या कागदावर समाप्तीची वेळ आधीच छापलेली असते. टेकडी हाती येवो न येवो, बाराला शिट्टी वाजते, जेवणाच्या गाड्या येतात आणि "उद्दिष्ट साध्य" असा अहवाल जातो. इंधन, दारूगोळा, रेंजचं बुकिंग यांना मर्यादा असतात, हे मान्य. पण मग अहवालात "वेळ संपली, टेकडी राहिली" असं लिहायला लाज कसली?

खेळाची युद्धाशी बरोबरी मी करत नाही. तरीही 1999 चं तोलोलिंग आठवा. 13 जूनला ते हाती येईपर्यंत जवळपास तीन आठवडे माणसं त्या उतारावर झुंजत होती. त्यांना समाप्तीची वेळ कुणी छापून दिली नव्हती.

म्हणून तरुण अधिकाऱ्यांनो, डार्ट्स किती वेळ चालतं हे विचारू नका. शेवटचा डबल लागेपर्यंत चालतं. तुमची पुढची एक्सरसाइजही तशीच आखा.