बागेला कुलूप, पाराला गर्दी : तालुक्याच्या गावातली बाग कोणाला विचारून बांधतात?

संध्याकाळचे साडेपाच वाजलेत. तालुक्याच्या गावातली नगरपंचायतीची बाग. दिवसभर फाटकाला असलेलं कुलूप आत्ताच निघालंय. कमानीवर मोठ्या अक्षरात नाव, बाजूला उद्घाटनाची कोनशिला, आत पेव्हर ब्लॉकची वाट आणि मधोमध बंद पडलेलं कारंजं. घसरगुंडीचा पत्रा अजून चटका देतो. ओपन जिमची दोन मशीन गंजून अडकलीत. कोपऱ्यात गाजरगवत कमरेइतकं वाढलंय. माणसं म्हणाल तर मोबाइल घेऊन बसलेली तीन पोरं.

तिथून शंभर पावलांवर पिंपळाचा पार आहे. तिथे बसायला जागा नाही. म्हातारी माणसं, बाजारहाट करून टेकलेल्या बाया, एसटीची वाट बघणारे, सगळे तिथेच. पारावर लाखो रुपये कोणी खर्च केले नाहीत, त्याचं भूमिपूजनही कोणी केलं नाही.

हे कुठल्या गावाचं वर्णन, असं विचारू नका. वाचताना प्रत्येकाला आपलंच गाव आठवेल. आता अशा पडून राहिलेल्या बागांच्या ‘सुशोभीकरणा’ची, ‘नूतनीकरणा’ची कामं पुन्हा निघू लागली आहेत. निधीच्या वाटाही आहेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या अमृत २.० योजनेत पाणीपुरवठ्याबरोबर हरित क्षेत्र आणि उद्यानांचाही समावेश आहे. राज्याच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानामुळे हिरवळ वाढवण्याची चढाओढ आहे. म्हणजे पैसा येईल, ठेकेदार येईल, पुन्हा एक कोनशिला बसेल. प्रश्न एवढाच की, पहिल्यांदा जी चूक झाली तीच दुसऱ्यांदा करायची का?

बाग कागदावर कशी तयार होते?

लोक बागेत येत नाहीत म्हटलं की दोन उत्तरं ठरलेली असतात. एक, ‘लोकांना किंमत नाही.’ दुसरं, ‘माळी नाही, वॉचमन नाही.’ दुसऱ्यात तथ्य आहे. योजनेतून पैसे मिळतात ते बांधायला, पुढची देखभाल नगरपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून करायची असते. घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली तुटपुंजी असेल, तर कात्री आधी बागेलाच लागते. पण खरा घोळ त्याच्याही आधी झालेला असतो.

कामाचा क्रम बघा. आधी एस्टिमेट, मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. एस्टिमेट दरसूचीवरून तयार होतं. कंपाउंड वॉल, पेव्हर ब्लॉक, बाकडी, कमान, लायटिंग यांचे दर तिथे तयार असतात, आकडे भरले की झालं. ‘दुपारी सावली हवी’, ‘बायांना निवांत बसता येईल असा कोपरा हवा’ याचा दर कुठल्याच सूचीत नसतो. त्यामुळे ते कागदावर येत नाही आणि कागदावर नाही ते जमिनीवर उतरत नाही.

गावकऱ्याला बागेबद्दल पहिल्यांदा कळतं ते भूमिपूजनाच्या फ्लेक्सवरून. तोवर ‘इथे हे नको, ते करा’ म्हणायची वेळ निघून गेलेली असते. साहेब सांगतात, ‘एस्टिमेट मंजूर आहे, आता बदल होणार नाही.’ साहेबांचंही चूक नाही. विचारायचं होतं तेव्हा विचारलं नाही, ही चूक आहे.

ग्रामसभा गेली, तिच्या जागी काय आलं?

इथे एक गोष्ट आपण फारशी बोलत नाही. २०१४ साली राज्य सरकारने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला आणि पुढच्या काळात अनेक गावं रातोरात ‘शहर’ झाली. सरपंच गेला, नगराध्यक्ष आला. ग्रामसेवक गेला, मुख्याधिकारी आला. १७ प्रभाग झाले, १७ नगरसेवक आले. निधी वाढला, हेही खरं.

पण त्याच दिवशी ग्रामसभा गेली. ग्रामपंचायत कायद्यात वर्षाला किमान चार ग्रामसभा आहेत. त्याआधी महिलांची वेगळी सभा आहे. १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातली जी संख्या कमी असेल तेवढा कोरम लागतो. अनेक ठिकाणी ग्रामसभा नुसत्या रजिस्टरात होतात, हे आपल्याला माहीत आहे. तरीही उठून सरपंचाला ‘हे काम इथेच का?’ असं विचारायचा हक्क तिथे होता. कुणी ना कुणी तो वापरतही होतं.

शहरांसाठी घटनेने काय दिलं? ७४ व्या घटनादुरुस्तीनुसार उद्यानं, बागा, क्रीडांगणं हा बाराव्या परिशिष्टातला, म्हणजे शहरी स्थानिक संस्थेकडे सोपवता येणारा विषय आहे. प्रभाग समित्या मात्र तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांनाच बंधनकारक आहेत. आपल्या तालुक्याचं गाव त्यात बसण्याचा प्रश्नच नाही. २००९ मध्ये राज्याने महापालिका आणि नगरपालिकांच्या कायद्यांत दुरुस्ती करून क्षेत्रसभेची तरतूद केली, पण ती बव्हंशी कागदावरच राहिली. सर्वसाधारण सभेत ठराव नगरसेवक करतात, तिथे सामान्य माणसाला उठून बोलता येत नाही.

म्हणजे काय झालं? गाव मोठं झालं, पैसा वाढला आणि ‘आम्हाला काय हवंय’ हे सांगायची हक्काची जागा गेली. ओस पडलेली बाग ही त्याची डोळ्यांना दिसणारी खूण आहे.

विचारलं असतं तर काय कळलं असतं?

पहाटे पाचला गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर जाऊन बघा. पोलिस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी अंधारात पळत असतात. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. बाजूने डंपर, उसाच्या ट्रॉल्या जातात. या पोरांना पेव्हर ब्लॉक नको आहे, त्यावर पळून गुडघे जातात. त्यांना बागेच्या कडेने मुरुमाची पट्टी, गोळाफेकीला एक मोकळा कोपरा आणि पहाटे पाचला उघडं फाटक हवंय. कारंज्यापेक्षा हे स्वस्तात होतं.

बायांना विचारा. त्या पहिल्यांदा झोपाळा मागणार नाहीत, स्वच्छतागृह मागतील. मग उजेड मागतील. मग म्हणतील, कंपाउंड एवढं उंच का, आत कोण बसलंय ते रस्त्यावरून दिसत नाही. सुरक्षेसाठी बांधलेली भिंतच बाईला आत जायला धास्ती वाटायला लावते. भिंत कमरेएवढी आणि वर जाळी केली, तरी फरक पडतो.

म्हाताऱ्यांना विचारा. ते सावली मागतील. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी पार करतो आणि बागेत लावतात रॉयल पाम, ज्याची सावली माणसाच्या अंगावर पडत नाही. लॉनला रोज पाणी लागतं. ज्या गावात नळाला चार दिवसांआड पाणी येतं, तिथे लॉन किती दिवस हिरवं राहणार? कडुलिंब, करंज, वड, पिंपळ ही झाडं पहिली दोन-तीन वर्षं जपली की पुढे आपली आपण वाढतात. पाराला गर्दी का असते, याचं अर्धं उत्तर त्या सावलीत आहे. उरलेलं अर्धं असं की पाराला फाटक नाही, आणि तो येण्याजाण्याच्या वाटेवर आहे.

आणखी एक अवघड गोष्ट. बाग कोणत्या आळीत आहे, कोणाच्या घरासमोर आहे, यावरून कोण आत जाणार हे न बोलता ठरतं. वस्तीवरची पोरं आली की कुणीतरी हटकतं. हे कुठल्याही नकाशावर दिसत नाही, पण त्या पोरांना विचारलं तर ती एका मिनिटात सांगतात.

व्हिएन्नाने काय केलं?

विचारून बाग बदलते का, याचं एक उदाहरण परदेशातलं आहे, पण आपल्याला नेमकं लागू पडतं. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना. १९९० च्या दशकात तिथे लक्षात आलं की नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुली सार्वजनिक बागांत दिसेनाशा होतात. मुलगे येत राहतात. कारण सोपं निघालं. मोकळी जागा एकच, ती मोठ्या मुलांनी चेंडू खेळायला धरलेली, आणि मुली भांडण्यापेक्षा घरी जाणं पसंत करत होत्या.

मग १९९९ पासून दोन बागा नव्याने आखल्या गेल्या. मोठं मैदान छोट्या भागांत विभागलं, वाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनसारख्या खेळांना जागा केली. मुली परत येऊ लागल्या आणि मुलांनाही हाकलावं लागलं नाही. आपल्या गावातल्या सातवी-आठवीतल्या मुली संध्याकाळी कुठे असतात, हे आपण कधी मोजलं का?

घरचंही उदाहरण आहे. पुणे महापालिकेने २००६ पासून अर्थसंकल्पासाठी नागरिकांकडून प्रभागातली कामं मागवायला सुरुवात केली. त्यात त्रुटी आहेत, सुचवलेली सगळी कामं होत नाहीत. पण काम ठरण्याआधी लोकांना विचारायचं, हे तत्त्व तिथे मान्य झालं. त्यासाठी नवा कायदा लागला नाही.

‘शंभर माणसं, शंभर मागण्या’

नगरसेवकांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, ‘लोकांना विचारलं की प्रत्येक जण वेगळं मागतो. एक म्हणतो मंदिर बांधा, दुसरा म्हणतो पार्किंग करा. तोवर मार्च येतो, निधी परत जातो. आणि आम्हाला निवडून कशाला दिलंय?’

यातली निधीची अडचण खरी आहे. म्हणूनच विचारायचं ते जानेवारी-फेब्रुवारीत घाईने नको, दिवाळीनंतर लगेच हवं, म्हणजे १ एप्रिलपासूनच्या अर्थसंकल्पात ते बसतं. मागण्या वेगवेगळ्या येतात हेही खरं, पण त्या न विचारताही असतातच. फरक एवढाच की, न विचारल्यामुळे त्या बाग बांधून झाल्यावर कळतात.

मात्र एका मागणीला ठाम नाही म्हणावं लागेल. बागेच्या जागेवर सभागृह, गाळे, समाजमंदिर उभारण्याची मागणी कितीही जोरात आली तरी. एनए लेआउटमधली ‘ओपन स्पेस’ कोणाची मेहेरबानी नसते. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. बंगळुरूत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्यात आली, तेव्हा परिसरातले रहिवासी कोर्टात गेले आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला. उद्यान वाचवण्यासाठी दाद मागायचा हक्क तिथे राहणाऱ्याला आहे, हे त्यातून पक्कं झालं. बाग ओस असली की आधी तिचं डंपिंग होतं, मग टपरी येते, मग गाळे. म्हणून बाग वापरात असणं हीच तिची खरी राखण.

आपल्या गावात काय करता येईल?

पहिलं, मोजा. आठवडाभर सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि रात्री बागेत किती बाया, मुली, म्हातारी, पोरं येतात ते वहीत लिहा. कॉलेजची चार मुलं हे करू शकतात.

दुसरं, जे येत नाहीत त्यांच्याकडे जा. नगरपंचायतीत मीटिंग ठेवली तर नेहमीचेच पंधरा जण येतील. बचत गटाच्या बैठकीला जा, शाळेत जा, पारावर बसा, वस्तीवर जा. महिलांशी वेगळं बोला. ग्रामसभेआधी महिला सभा होती ती याचसाठी.

तिसरं, फक्की मारा. कबड्डीचं मैदान आखतो तसा नवा आराखडा जागेवर फक्कीने आखा आणि चार दिवस राहू द्या. कागदावरचा नकाशा सगळ्यांना कळत नाही, जमिनीवरचा आजीलाही कळतो. ‘इथे बाकडं नको, इथे सांडपाणी येतं’ हे तेव्हाच कळेल. पुसून पुन्हा आखायला खर्च किती? एक गोणी फक्की.

चौथं, एस्टिमेट मंजूर होण्याआधी ते नोटीस बोर्डावर लावायला सांगा. नाही लावलं तर माहितीच्या अधिकारात मागा.

पाचवं, देखभाल कोण करणार, पाणी कुठून येणार, चावी कोणाकडे राहणार हे बांधण्याआधी लेखी ठरवा.

यातल्या एकाही गोष्टीला शासन निर्णयाची वाट बघावी लागत नाही. मुख्याधिकाऱ्यांच्या एका पत्रावर आणि नगरसेवकाच्या इच्छेवर हे होऊ शकतं. १७ पैकी एका प्रभागात जरी झालं, तरी बाकीच्या १६ प्रभागांतले लोक विचारतील, आमच्याकडे का नाही?

तुमच्या प्रभागातल्या बागेची फाइल सध्या कुठल्या टेबलावर आहे, हे उद्या जाऊन विचारा. एस्टिमेट झालं नसेल तर अजून वेळ आहे.