बियाणे घरात, दार बंद

जालन्याच्या माणसाला बियाणे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको उभी केली, मागोमाग आणखी बियाणे कंपन्या आल्या, आणि हा शब्द मोंढ्यातल्या दुकानांपासून रस्त्याकडेच्या पाट्यांपर्यंत जिल्ह्याच्या अंगवळणी पडला. त्यामुळे संगणकाच्या पडद्यावर ‘सीड्स’ अशी अक्षरे पाहून आमच्या भाच्याला त्यांचा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही. त्याला पडलेला प्रश्न निराळा होता. बियाणे देणारे इतके आहेत, शेतही तयार आहे, मग पीक इतके सावकाश का येते?

भाचा टेंभुर्णीचा. टेंभुर्णी म्हटले की पुणे-सोलापूर रस्त्यावरचे गाव लोकांना आठवते. ही ती नव्हे, ही जाफ्राबाद तालुक्यातली. मुलगा तंत्रनिकेतनात शिकतो. लिनक्स ही फुकट मिळणारी संगणक प्रणाली त्याला घरच्या संगणकावर घालायची होती. फाइल पाच-सहा गिगाबाइटची. दोनदा त्याने ती सरळ संकेतस्थळावरून उतरवायला घेतली, दोन्ही वेळा मध्येच वीज गेली आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ. मराठवाड्यात राहणाऱ्याला हे नवे नाही. मग कुणी तरी त्याला टॉरेंटची वाट दाखवली. तिथे वीज गेली तरी मिळालेले तुकडे वाया जात नाहीत. पण वेग सेकंदाला ९० किलोबाइट. त्याने हिशेब केला, अठरा तासांच्या वर लागणार होते. “मामा, वीस मेगाबिटचे पैसे भरतो आम्ही, मग हे काय?” असा त्याचा फोन आला, आणि संगणकांच्या देखभालीतच नोकरी घालवलेल्या मामाला घरबसल्या काम मिळाले.

हे यंत्र चालते कसे हे आधी सांगितले पाहिजे, कारण बहुतेकांचे उपाय चुकतात ते इथेच. १९९९ साली नॅपस्टर आले आणि घरोघरचे संगणक एकमेकांकडून गाणी घेऊ लागले. पण कुणाकडे काय आहे याची यादी एका मध्यवर्ती ठिकाणी होती. २००१ मध्ये न्यायालयीन लढाईत ते ठिकाण बंद पडले आणि सगळा बाजार उठला. त्याच वर्षी ब्रॅम कोहेन या अमेरिकन तरुणाने बिटटॉरेंट लिहिले. त्यात मोठ्या फाइलचे लहान तुकडे करतात. प्रत्येक तुकड्याचा एक ठसा आधीच नोंदलेला असतो. तुकडा आला की संगणक ठसा ताडून पाहतो, जुळला नाही तर टाकून पुन्हा मागतो. ज्याच्याकडे सगळे तुकडे आहेत तो सीडर, म्हणजे बियाणेवाला. बाकीचे अर्धेमुर्धे तुकडे घेऊन एकमेकांत देवाणघेवाण करतात. ज्या तुकड्याच्या प्रती थोड्या, तो आधी मिळवायचा, म्हणजे एखादा बियाणेवाला मध्येच उठून गेला तरी वाण बुडत नाही. संकरित बियाणे शेतकऱ्याला दरसाल विकत आणावे लागते. हे घरचे राखून पेरायचे आणि वाटेल तितक्यांना द्यायचे. दिल्याने पोते रिकामे होत नाही.

आता यातली खरी गोम. एक बैल असलेले दोन शेतकरी सावड करतात. आज तुझ्या शेतात दोघांचे बैल, उद्या माझ्या. सावड घेऊन फेडायच्या दिवशी घरात दडून बसणाऱ्याला पुढच्या पेरणीला कुणी विचारत नाही. कोहेनने हीच रीत गणितात बसवली. अर्धवट फाइल असलेला संगणक आपले तुकडे प्रामुख्याने त्यालाच देतो, ज्याच्याकडून त्याला चांगल्या वेगाने मिळत आहे. दर दहा सेकंदांनी हा जमाखर्च पुन्हा पाहिला जातो. नव्या माणसाकडे देण्यासारखे काहीच नसते, म्हणून दर तीस सेकंदांनी एखाद्या अनोळखी संगणकाला उधारीवर संधी मिळते. सगळे तुकडे असलेला बियाणेवाला मात्र परतफेड मागत नाही. त्याला आता घ्यायचे काही उरलेलेच नसते.

भाच्याला मी पहिला हिशेब शिकवला तो बिट आणि बाइटचा. कंपनी वेग विकते बिटांत, संगणक दाखवतो बाइटांत, आणि आठ बिटांचा एक बाइट. वीस मेगाबिट म्हणजे सेकंदाला फार तर अडीच मेगाबाइट. कित्येक घरांतली तक्रार या एका भागाकारातच मिटते. जुन्या मंडळींना आठवत असेल, २००४ च्या धोरणात ब्रॉडबँडची किमान मर्यादा २५६ किलोबिट होती, म्हणजे सेकंदाला ३२ किलोबाइट. एका सीडीएवढी, सातशे मेगाबाइटची फाइल त्या वेगाने यायला सव्वासहा तास लागत. बीएसएनएलच्या काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ या वेळेतला वापर मोजला जात नसे. तेवढ्या सहा तासांसाठी पहाटे दोनचा गजर लावून उठणारी मुले त्या काळात गावोगाव होती. आईबापांना वाटे, पोरगा अभ्यासाला उठला.

पण अडीच मेगाबाइट कुठे आणि ९० किलोबाइट कुठे! तेव्हा दोष आपल्या घरात आहे की बाहेर, हे ठरवायला हवे. त्यासाठी शेकडो बियाणेवाले असलेली एखादी फाइल घेऊन पाहावी. ती भरभर आली तर आपले घर ठीक आहे आणि मूळ फाइललाच देणारे थोडे आहेत. तिथे वाट पाहण्यावाचून उपाय नाही. भाच्याची लिनक्सची फाइल अशी भरपूर देणाऱ्यांचीच होती. म्हणजे दुखणे घरातले.

आक्काचे घर जुने, माळवदाचे. भिंती हात-दीड हात जाडीच्या, उन्हाळ्यात आत शिरले की जीव थंड होतो. पण वायफायच्या लहरींना त्या भिंती भारी पडतात. राउटर ओसरीत, संगणक मधल्या खोलीत. वायर टाकायला सांगितली, तर वेग एकदम चौपट झाला. वर आणखी एक गोष्ट निघाली. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्याने एका वेळच्या जोडण्यांची मर्यादा दोन हजारांवर नेली होती. घरगुती राउटरला प्रत्येक जोडणीची नोंद ठेवावी लागते. स्वस्तातली डबी तेवढ्या नोंदी ठेवता ठेवता गुदमरते आणि सगळ्या घराचे इंटरनेट अडते. मर्यादा दोनशेवर आणली. ‘जोडण्या वाढवा, वेग वाढेल’ हा सल्ला जुना आहे. २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सुधारित आवृत्तीने अर्धवट जोडण्या एका वेळी दहापर्यंत सीमित केल्या, तेव्हा ती मर्यादा तोडण्याचे जोडकाम मुले एकमेकांना फ्लॉपीवरून वाटत असत. ती मर्यादा कधीच गेली, सल्ला राहिला.

दुसरा लोकप्रिय सल्ला मात्र मला मनापासून आवडत नाही. ‘देणे बंद कर, घेणे वाढेल.’ भाच्याच्या संगणकावर देण्याचा वेग सेकंदाला एक किलोबाइटवर बांधलेला होता. यात अर्धे सत्य आहे, म्हणूनच तो पसरतो. तांब्याच्या तारेवरच्या जुन्या ब्रॉडबँडमध्ये जाण्याची वाट येण्याच्या वाटेपेक्षा कितीतरी अरुंद असे. प्रत्येक तुकडा मिळाल्याची पोच त्याच अरुंद वाटेने परत जावी लागते. ती वाट आपण काठोकाठ भरली की पोच अडकते आणि समोरचा पाठवणे हळू करतो. यावर तोड म्हणजे देण्याचा वेग वाटेच्या चार-पंचमांशाच्या आसपास ठेवणे. एक किलोबाइटवर आवळलात तर बियाणेवाले देतील तेवढेच पदरात पडेल. सावडीच्या बाजूने कुणी ढुंकून पाहणार नाही. इंग्रजीत अशा गिऱ्हाइकाला ‘लीच’ म्हणतात, म्हणजे जळू.

देणे म्हटले की आईबापांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. टॉरेंटवर नवा सिनेमा उतरवणारा मुलगा नुसता घेत नसतो. त्याच वेळी त्याचा संगणक तो सिनेमा इतरांना वाटत असतो, आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यापुढे वाटणे हा गुन्हा ठरू शकतो. २०१६ मध्ये ‘सैराट’ची प्रत तो चित्रपटगृहांत चालू असतानाच बाहेर फुटली होती. मोकळेपणाने घेण्या-देण्यासारखे पुष्कळ आहे. लिनक्स आहे, लिबरऑफिस आहे. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी पुस्तक सर्वांचे होते. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांची पुस्तके २०११ पासून मोकळी आहेत. इंटरनेट आर्काइव्ह या ग्रंथसंग्रहाने २०१२ पासून आपला ठेवा टॉरेंटनेही द्यायला सुरुवात केली. पण तंत्र बदनाम झाले ते झालेच, आणि त्या बदनामीमागे एक वेगळीच अडचण झाकली गेली. तिच्यासाठीच हा लेख.

लिनक्स आले, घातले, मुलगा खूश झाला. महिन्याभराने पुन्हा फोन. आक्काच्या सासूबाईंना जात्यावरच्या ओव्या शेकड्याने पाठ आहेत. (हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रभर फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, एकेका घरात किती धन पडून असते याची त्यावरून कल्पना यावी.) भाच्याने सुटीत आजीला बसवून त्या चित्रित केल्या. सगळे मिळून तीस-चाळीस गिगाबाइट. पुण्याच्या काकांना, नाशिकच्या आत्याला ते हवे होते. त्याने विचार केला, आता मीच बियाणेवाला होतो. टॉरेंट तयार केले, संगणक चालू ठेवला. पुण्याच्या पडद्यावर आकडा शून्यावर. नाशिकलाही शून्य. पोट्ट्याने दोन दिवस डोके आपटून घेतले.

कारण त्याच्या घरात नव्हते. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारे ४३० कोटीच. जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. तेव्हापासून अनेक कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच पत्ता देतात. सगळ्या गावाची टपाल चावडीवर यावी तसे. तुम्ही पत्र पाठवले असेल तर त्याचे उत्तर चावडीवाला तुमच्या घरी पोचवतो. पण कुणी आपणहून पत्र धाडले तर ते कोणाचे हे चावडीला कळत नाही, ते केरात जाते. घेणाऱ्याचे यात फारसे बिघडत नाही, कारण घेणारा आधी हाक मारतो. देणाऱ्याचे दार मात्र बाहेरून कुणाला उघडत नाही. घरच्या राउटरमध्ये पोर्ट उघडा, असे सगळे जाणकार सांगतात आणि ते योग्यच आहे. पण चावडीच बंद असेल तर घरची दिंडी उघडून काय होणार? पुण्याच्या काकांचे घरही तशाच चावडीमागे. दोन्ही बाजू बंद असल्या की एकमेकांना गाठण्याच्या युक्त्या आहेत, पण त्या दर वेळी साधत नाहीत.

हे ओळखणे सोपे आहे. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता लिहिलेला असतो. तो १०० ने सुरू होत असेल आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, तर तुम्ही चावडीमागे आहात. भाच्याने पाहिले, तसाच होता. सेवा देणाऱ्या कंपनीला विचारले, तर स्वतंत्र पत्ता हवा असल्यास दरमहा वेगळे पैसे पडतील असे उत्तर आले. ओव्या अखेर पेनड्राइव्हवर, जालन्याहून पुण्याला निघालेल्या एका पाहुण्याच्या खिशातून गेल्या.

यूट्यूबवर टाकायचे ना, असे कुणी म्हणेल. टाकता येते. पण म्हाताऱ्या बाईच्या ओव्या नातवाने आपल्याच काकाला द्यायच्या तर त्या आधी परदेशी कंपनीच्या वखारीत ठेवाव्या लागाव्यात, ही व्यवस्था मला खटकते. शहरातल्या माणसाला त्याचे सोयरसुतक नसेल. टेंभुर्णीसारख्या गावातून मुले शिकून बाहेर पडली, काही परत आली. त्यांच्या हातात आता बनवण्याची साधने आहेत, आणि तार अशी की तिच्यातून बाहेरचे आत येते, आतले बाहेर जायला दुसऱ्याची परवानगी लागते.

आणि हे सगळे निव्वळ तंत्राच्या नाइलाजाने होते असेही नाही. ब्रॉडबँडची २००४ ची व्याख्या काढून पाहा. त्यात उतरवण्याचा किमान वेग दिलेला आहे. चढवण्याच्या वेगाचा आकडा नाही. पुढे २५६ चे ५१२ किलोबिट झाले, २०२३ मध्ये २ मेगाबिट झाले, आकडा तेवढा उतरवण्याचाच राहिला. तांब्याच्या तारेला अरुंद वाटेची सबब होती. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट हे नाव मिळालेल्या योजनेतून ग्रामपंचायतींपर्यंत जाते ती काचेची तार, आणि तिच्यात पाठवण्याचीही ताकद आहे. पत्त्यांची टंचाई म्हणावी तर आयपीव्ही६ हे नवे पत्ते मोप आहेत, आणि मोबाइलवर ते कोट्यवधी भारतीय न कळत वापरत आहेत. घरगुती जोडणीला ते आपोआप, जादा पैशांवाचून मिळावेत, राउटरमध्ये चालू करून मिळावेत, आणि चढवण्याचा किमान वेग पुढच्या व्याख्येत आकड्याने लिहिला जावा. तोवर नवी जोडणी घेताना येण्याच्या वेगाबरोबर जाण्याचाही वेग विचारावा, आणि घराला स्वतःचा पत्ता मिळणार की चावडीचा, हेही पैसे भरण्याआधी विचारून घ्यावे. तार ओढायला आलेल्या माणसाला बहुधा हे ठाऊक नसते. त्याच्या कचेरीत फोन करावा.